फोन चांगलाच आहे, पण भावाच्या कार्डावर नको

तुमचं पत्र थोडक्यात असं: वय २९, डोंबिवलीत आईवडिलांसोबत राहता, नोकरी फोर्टला, हातात ५८,००० येतात. घरी २०,००० देता, स्कूटरचा हप्ता ४,२०० (अजून आठ महिने), एसआयपी ७,०००, बँकेत शिल्लक ९०,०००. सुट्टीच्या दिवशी साडीच्या दुकानांसाठी आणि लग्नांमध्ये रील्स शूट करता. सीझनमध्ये त्यातून महिन्याला आठ-दहा हजार सुटतात. जुना फोन दुपारीच मान टाकतो. म्हणून सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना, २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर, भावाच्या क्रेडिट कार्डावर घ्यायचा आणि तोवर एसआयपी थांबवायची, असा बेत आहे. भाऊ दिवाळीनंतर गृहकर्जाला अर्ज करणार आहे, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली.

कार्ड भावाचं, म्हणजे बँकेच्या लेखी कर्जही भावाचंच. फोन कोण वापरतंय याच्याशी बँकेला देणंघेणं नाही. महिन्याचा हप्ता येतो ५,४१७ रुपये. गृहकर्ज देताना बँक आधीचे हप्ते पगारातून वजा धरते आणि उरलेल्यावर पात्रता काढते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे तुमचा फोन हिशोबात धरला गेला, तर भावाला मिळू शकणारं कर्ज सहा लाखांच्या आसपास कमी होऊ शकतं. कल्याण-डोंबिवलीत घर शोधणाऱ्याला सहा लाख म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तुमच्याकडून एखादा हप्ता चुकला, तर डाग त्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. घरात यावरून अबोला झालेला मी पाहिलाय.

आता ‘नो-कॉस्ट’बद्दल. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून बेरीज सारखी दिसते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी. वार्षिक १६ टक्के दर धरला, तर २४ महिन्यांत सुमारे १९,४०० रुपये व्याज होतं आणि त्यावर जीएसटी जवळपास ३,५००. प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम फार मोठी नाही, पण तिला शून्य म्हणू नका. आणि दुकानात एकदा विचारा: रोख घेतला तर किती कमी कराल? खरी किंमत तिथे कळते.

हे पैसे गुंतवले असते तर वीस वर्षांत किती झाले असते, हे गणित मात्र मी मांडणार नाही. त्या न्यायाने माणसाने वडापावसुद्धा खाऊ नये. तुम्ही या फोनवर कमावणार आहात, तेव्हा तो कामाचं अवजार म्हणून तपासू.

अल्ट्रा जोरदार आहे, वाद नाही. ६.९ इंची स्क्रीन, २०० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, ५ पट झूमची वेगळी लेन्स, ५,००० एमएएचची बॅटरी. हॉलच्या मागच्या रांगेतून मंगलाष्टकं टिपायची तर ते झूम खरंच कामी येतं. पण साडीच्या दुकानात तुम्ही काउंटरपासून चार फुटांवर उभ्या असता. तिथे पदराची जर नीट दिसते ती उजेडामुळे, आणि इन्स्टाग्राम तसंही व्हिडिओ दाबून लहान करतं. अल्ट्रासोबत येणारा पेन छान, पण रील्ससाठी त्याचा काय उपयोग? शिवाय या पिढीत पेनमधलं ब्लूटूथ काढून टाकलंय, त्यामुळे लांबून बटण दाबून फोटो काढायची सोय गेली. वजन २१८ ग्रॅम, दिवसभर हातात धरून बघा.

याच मालिकेतला साधा एस२५ जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा २५६ जीबीला ८०,९९९ रुपये होता. प्रोसेसर तोच, ३ पट झूम आहे, वजन १६२ ग्रॅम. सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासनही तेच. (ही सात वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजायची, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे.) उणी बाजू बॅटरीची: ४,००० एमएएच. लग्नाच्या दिवशी पॉवर बँक लागणारच. मेमरी कार्ड दोन्हींत बसत नाही. पण या किमती धरल्या तर ४९,००० रुपये वाचतात, आणि त्यातल्या थोड्या पैशांत चांगला एलईडी लाइट आणि कॉलर माइक येतो. तुमच्या रील्समध्ये फरक त्याने पडेल.

तेव्हा माझं मत: अल्ट्रा नको, एस२५ घ्या, आणि तोही लगेच नको. आत्ता अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या फोनची बॅटरी बदलून घ्या. एसआयपी चालू ठेवा, ९०,००० ना हात लावू नका; घरी देता ते, स्कूटरचा हप्ता आणि एसआयपी मिळून महिन्याला ३१,२०० होतात, त्या हिशोबाने ते तीन महिनेही पुरायचे नाहीत. जे ५,४१७ बँकेला देणार होतात, ते दरमहा रिकरिंग डिपॉझिटमध्ये टाका. स्कूटर फिटेपर्यंत ४३,३३६ जमतील. रील्सचे पाच महिन्यांचे आठ-आठ हजार मिळवले की फोन रोख येतो. तोवर भाव उतरला, तर आणखी चांगलं.

दोन गोष्टी राहिल्या. रील्सची कमाई आयकर रिटर्नमध्ये दाखवा. फोनची किंमत एकदम खर्च म्हणून वजा होत नाही, घसारा धरावा लागतो, म्हणजे किमतीचा थोडा थोडा भाग दरवर्षी वजा होतो. अंदाजित उत्पन्नाची योजना (खर्चाचा हिशोब न देता कमाईचा ठरावीक भाग नफा धरायचा) घेतलीत तर वेगळा घसाराही नाही.

दुसरं, डोंबिवली फास्टच्या दारात उभं राहून फोन बाहेर काढू नका. रुळांजवळून दारातल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारून फोन पाडणाऱ्या फटका गँगला मॉडेल कोणतं याने फरक पडत नाही. विमा घेणार असाल तर चोरी त्यात धरली आहे का ते वाचा. बऱ्याच योजना फक्त तुटफुटीच्या असतात. आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घरी लिहून ठेवा. फोन गेलाच, तर पोलिसांत तक्रार करून तिची प्रत सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जोडली की तो ब्लॉक करता येतो.