गालावरचे खड्डे, लेसरचं पॅकेज आणि एकुलती एक ठेव

प्रश्न : मी 29 वर्षांची, उचगावला राहते. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. पगार हातात 31,000. घरखर्च आणि पेट्रोल मिळून 15,000 जातात, गाडीचा हप्ता 2,800, एसआयपी 3,000, भिशी 2,000. पतसंस्थेत 1,40,000 ची ठेव आहे, बाकी शिल्लक काही नाही. गालांवर पिंपल्सचे जुने खड्डे आहेत. एका क्लिनिकनं फ्रॅक्शनल सीओटू लेसरची पाच सेशन सांगितलीत. सुटं सेशन 16,000, पॅकेज रोख 68,000, नाहीतर 'बिनव्याजी' 6,250 चे 12 हप्ते. रविवारपर्यंत बुकिंग करायला सांगितलंय. ठेव मोडू की हप्ते घेऊ? घरचे म्हणतात, चेहऱ्यावर कसले पैसे घालवतेस.

उत्तर : ताई, पैसे तुमच्या कष्टाचे आहेत आणि चेहराही तुमचा. इतकी वर्षं आरशात जे खुपतंय त्यावर खर्च करावासा वाटणं ही उधळपट्टी नव्हे. त्यामुळे लेसर करावं की नाही, हे मी सांगणार नाही. मात्र रविवारी पॅकेजचे पैसे भरू नका, एवढं ठामपणे सांगतो.

हप्त्यांचं आधी बघू. 6,250 चे 12 हप्ते म्हणजे 75,000. तीच सेवा रोख 68,000 ला मिळते. वरचे 7,000 हे व्याजच झालं, आणि दर महिन्याला मुद्दल फिटत जातं हे धरून हिशेब केला तर दर वर्षाला सुमारे साडेअठरा टक्के पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी वर. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांसोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलंय. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागा. शिवाय असं कर्ज बहुतेक वेळा क्लिनिकचं नसतं, फायनान्स कंपनीचं असतं. दुसऱ्या सेशनला चेहरा काळवंडला आणि तुम्ही थांबलात, तरी हप्ता कापला जातच राहणार.

काळवंडण्याचं बोलतो ते उगाच घाबरवायला नाही. हे लेसर त्वचेत सूक्ष्म छिद्रांसारख्या जखमा करतं, मधली त्वचा शाबूत ठेवतं, आणि जखमा भरताना नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार होतं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्या जखमांच्या जागी डाग पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. ते डाग बहुतेकदा फिके होतात, पण महिने जातात. म्हणून आधी कानाजवळ किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी करून घ्या आणि काही आठवडे वाट बघा. रविवारची मुदत असेल तर हे जमणारच नाही, आणि माझा खरा आक्षेप तिथेच आहे.

दुसरं, सगळे खड्डे एका यंत्रानं भरत नाहीत. सुईनं टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे असतील तर डॉक्टर बऱ्याचदा त्यात टीसीए हे आम्ल टिपतात. त्वचा आतून ओढली गेली असेल तर सबसिजन करतात, म्हणजे ओढणारे आतले धागे सुईनं सोडवतात. तुमचे कोणते, हे पाच सेशन विकत घेण्याआधी कळायला हवं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात केस पेपर काढून दुसरं मत घ्या. तिथली रांग मोठी असते, एक रजा टाकावी लागेल. 68,000 च्या निर्णयासाठी ती टाकण्यासारखी आहे. नवे पिंपल्स अजून येतात का, पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्यात का, जखमेचा व्रण फुगतो का, हे न विचारता क्लिनिकनं पॅकेज सांगितलं असेल तर तिथे जाऊच नका. लेसर स्वतः डॉक्टर चालवणार की मदतनीस, तेही विचारा.

आता आकड्यांकडे. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून 17,800. सहा महिन्यांचे झाले 1,06,800. एवढ्या ठेवीला अडीअडचणीशिवाय हात लावायचा नाही. उरतात साधारण 33,000. पॅकेज घेतलं तर ठेव 72,000 वर येते, म्हणजे जेमतेम चार महिन्यांची सोय. (ही सहा महिन्यांची रक्कम मुदत संपली की बँकेत हलवा. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांचं विमा संरक्षण नसतं.)

सुट्या सेशनचा हिशेब मात्र क्लिनिकनं तुम्हाला मांडून दाखवला नसेल. चार सेशनचे होतात 64,000. म्हणजे पॅकेज फक्त पाचव्या सेशनला स्वस्त ठरतं, तेही 12,000 नी. त्याआधी कुठेही थांबलात तर सुटंच परवडतं. खड्डे पूर्ण नाहीसे होत नाहीत, उथळ होतात. तीन सेशननंतर 'आता पुरे' वाटणं अगदी शक्य आहे.

तुमच्याकडे महिन्याला 8,200 उरतात. दोन महिन्यांत एक सेशन निघतं, आणि दोन सेशनमध्ये एवढं अंतर ठेवल्यानं उपचाराचं नुकसान होत नाही. पहिलं दिवाळीनंतर करा, दुसरं जानेवारीत. प्रत्येक वेळी पाच-सात दिवस चेहरा लाल राहील, खपल्या धरतील. मार्चअखेरीची धांदल सुरू व्हायच्या आत दोन्ही आटपतील. त्यानंतर उन्हाळाभर थांबा. रोज हायवेवरून स्कूटर, वर चैत्रात जोतिबाचं ऊन आणि गुलाल, यात ताजी त्वचा उघडी पडायला नको. कोलॅजन भरायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे दोन सेशननी काय साधलं ते तुम्हाला पावसाळ्याच्या तोंडावरच नीट दिसेल. तिसऱ्याचं तेव्हा ठरवा.

सनस्क्रीन, मलमं आणि बिनपगारी रजा यांसाठी प्रत्येक सेशनमागे तीनेक हजार वेगळे धरा. बचत कमी पडली तर त्या 33,000 मधून घ्या. आरोग्य विम्यातून काही मिळणार नाही, सौंदर्योपचार त्यातून वगळलेले असतात. अशा उपचारांना आरोग्यसेवेची जीएसटी सवलतही लागू होत नाही, म्हणून 16,000 हे करासह आहेत का ते लिहून घ्या. एसआयपी आणि भिशी चालू ठेवा. भिशी लागली की ती आधी गाडीच्या कर्जाला.