एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या जनरल मॅनेजरने मोठा ट्रेड करताना किती जोखीम घ्यावी?

तुमच्या 'किती'ला एक ठरावीक आकडा नाही. पण ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, फसला तर नुकसान कुठवर जाईल, हे सही करण्याआधी मोजता येतं. ज्याचा तळ दिसतो ती जोखीम बिनधास्त घ्यावी, असं माझं मत.

२०१८ मध्ये टोरांटो रॅप्टर्सच्या मसाई उजिरींनी संघाचा लाडका डीमार डीरोझन, याकोब पोल्टल आणि पहिल्या फेरीतला एक पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) देऊन कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन घेतले. लेनर्ड आधीच्या मोसमात जेमतेम ९ सामने खेळलेला, आणि वर्षभरात करारातून मोकळा होणार हे उघड होतं. सगळ्यांना तो जुगार वाटला. पण कागद नीट वाचा. पिक पहिल्या २० मध्ये आला तर द्यायचा नाही, अशी अट होती. म्हणजे संघ कोसळला असता तरी चांगला पिक घरातच राहिला असता. लाउरी, सियाकाम, व्हॅनव्ह्लीट, अनुनोबी या संघातल्या बाकी मुख्य खेळाडूंपैकी कोणालाही हात लावला नव्हता. डीरोझनचा वर्षाला सुमारे २.७७ कोटी डॉलरचा करारही डोक्यावरून उतरला. त्यात स्टार लेब्रॉन जेम्स नुकताच पश्चिम विभागातल्या लेकर्सकडे गेल्याने टोरांटोच्या पूर्व विभागातली वाट मोकळी झाली होती. २०१९ मध्ये विजेतेपद आलं, लेनर्ड लगेच क्लिपर्सकडे गेला, आणि तरीही पुढच्या मोसमात टोरांटोने ५३ सामने जिंकले, १९ हरले.

आता २०१३ मधले ब्रुकलिन नेट्स. ३५ वर्षांचा पिअर्स आणि ३७ वर्षांचा गार्नेट घेण्यासाठी त्यांनी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक टोरांटोसारखी कोणतीही संरक्षणाची अट न ठेवता दिले. लागोपाठ दोन वर्षं पहिल्या फेरीचा पिक नाही, अशी स्थिती येऊ देता येत नाही, हा स्टेपियन नियम. म्हणून मधल्या २०१७ साठी बॉस्टनला आपला पिक नेट्सच्या पिकशी बदलून घेण्याचा हक्क दिला. हा 'स्वॅप' कागदावर किरकोळ दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. गार्नेट-पिअर्स गेले, संघ २०१६-१७ मध्ये २० विजय, ६२ पराभवांवर घसरला, निवडक्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक लागला आणि तो बॉस्टनने उचलला. त्याच्या एक वर्ष आधी नेट्सच्याच पिकवर त्यांनी जेलन ब्राउन घेतला होता. हा पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. नेट्सचं तेलही गेलं, तूपही गेलं. दिलेला प्रत्येक पिक ज्या वर्षी द्यायचा, त्या वर्षी आणलेल्या खेळाडूचं वय किती असेल, एवढं शेजारी लिहून पाहिलं असतं तरी डोळे उघडले असते.

२०२३ च्या कामगार करारानंतर आणखी एक अडचण आली आहे: दुसरं एप्रन. २०२५-२६ मध्ये ही संघाच्या एकूण पगाराची रेषा सुमारे २०.८ कोटी डॉलरवर होती. ती ओलांडली की दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख पैसे देता येत नाहीत आणि सात वर्षांपुढचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. म्हणजे चूक झाल्यावर ती दुरुस्त करायची हत्यारंच काढून घेतली जातात. फिनिक्स सन्स संघाने केव्हिन ड्युरंटसाठी २०२३, २०२५, २०२७, २०२९ चे पिक दिले, वर ब्रॅडली बील आणला, तोही 'माझ्या संमतीशिवाय ट्रेड नाही' या कलमासकट. २०२४-२५ मध्ये ३६-४६ झाले, आणि हलायला जागाच उरली नव्हती.

एकाच संघाशी गुपचूप बोलून सौदा करू नये. डॅलसने २५ वर्षांचा स्टार लुका डॉन्चिच लेकर्सला दिला, तेव्हा पहिल्या फेरीचा फक्त एक पिक आला. बाजारात चार ठिकाणी भाव काढला असता तर एवढ्यावर कोण थांबलं असतं? वैद्यकीय तपासणी मात्र सौदा जाहीर झाल्यावरही शेवटची खिडकी असते. लेकर्सनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्क विल्यम्सचा ट्रेड त्याच खिडकीतून रद्द केला.

खरं धाडस करायची जागा वेगळीच आहे: संघातली शेवटची, पंधरावी जागा, तीन टू-वे करार (खेळाडूला मुख्य संघ आणि दुय्यम लीग दोन्हीकडे खेळवायचे), दुसऱ्या फेरीचे पिक. निकोला योकिचसारखा स्टार ४१ वा निवडला गेला, लू डॉर्ट टू-वेवर आला. इथे अर्धवट तयार, विचित्र शैलीचे, दुखापतीतून उठलेले खेळाडू घ्या आणि नाही जमलं तर सोडा. फक्त तारीख लक्षात ठेवा: बिनहमीचे करार १० जानेवारीला पूर्ण मोसमाच्या हमीचे होतात, आणि सोडण्याच्या प्रक्रियेला ४८ तास लागतात, त्यामुळे निर्णय ७ तारखेपर्यंत झालेला बरा.