टपरीवर कळण्याआधी

पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. "कारखान्यातल्या कामगारांचं मोराल वाढवायचंय, कोणत्या ॲक्टिव्हिटी घेऊ?" असं विचारलंयस आणि खाली यादी जोडलीयस: योगा, क्विझ, नाव छापलेले मग, पुण्याहून येणारे एक वक्ते. मग अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंस की पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे बनवायचा माल, बरंच घटलंय आणि ते शॉप फ्लोअरवर, मशीनवरच्या लोकांना, अजून सांगितलेलं नाही. माझ्या मते तुझ्या मेलमध्ये कामाची ओळ ती एकच.

सांगितलेलं नाही म्हणून त्यांना माहीत नाही, असं तुमच्या केबिनमध्ये कुणी समजत असेल, तर त्याला एकदा गेटबाहेरच्या टपरीवर पाठव. कच्च्या मालाची गाडी आठवड्यात एकदाच आली, ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला, तिसऱ्या शिफ्टच्या बसमध्ये निम्म्या सीट रिकाम्या, कँटीनवाल्याला ताटं कमी करायला सांगितली. यातली प्रत्येक गोष्ट कामगार वाचतो. उरलेलं टेम्पोचा ड्रायव्हर सांगतो, कारण तो दिवसभरात पाच कंपन्यांच्या गेटवर उभा असतो. फरक इतकाच की टपरीवर शेड्यूल निम्म्यावर येत नाही, थेट 'कंपनी विकली' इथवर जातं. म्हणून वाईट बातमी त्यांना तुझ्या तोंडून कळली पाहिजे, टपरीवर कळण्याआधी कळली पाहिजे आणि आकड्यासकट कळली पाहिजे. माझ्याकडे दुसरा मंत्र नाही. हाच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

2019 साली तू कॉलेजात असशील. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी खाली आली होती. फायनान्स आटला होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं होतं. ट्रकची भारमर्यादा 2018 मध्ये वाढवल्यामुळे नव्या ट्रकची मागणीही मंदावली होती. मोठ्या कंपन्यांनी 'नो प्रॉडक्शन डे' लावले की त्यांना माल देणाऱ्या, पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या शेडमधली मशीनं आपोआप थंड. आमच्याकडे तेव्हा मी शिफ्ट बदलताना उभा राहिलो आणि सांगितलं: शेड्यूल इतकं, काम आठवड्यातून इतके दिवस, पगाराचं असं, पुढची बातमी अमुक तारखेला. त्याच महिन्यात आमचे दोन-तीन चांगले सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, सोडून गेले. मालक म्हणाले, तुमच्या तोंडामुळे गेले. मी आजही म्हणतो, ते जाणारच होते. राहिलेले का राहिले, हे मात्र मला कुणी विचारलं नाही. गेलेल्यांतला एक हाताने सोनं होता. नव्या ठिकाणी त्याला दिवाळीच्या आधीच ब्रेक देऊन घरी बसवलं. त्याची आठवण आली की अजून लागतं. तरीही सांगायलाच हवं होतं. त्याच्या घराचा हप्ता त्याला भरायचा होता, मला नाही.

आता तुझं काम. आधी सुपरवायझरांना घे, त्यांना कामगारांसोबत कळलं तर त्यांची मान खाली जाते. मग तिन्ही शिफ्टला एकाच दिवशी, त्याच शब्दांत सांग. नोटीस बोर्डावर कागद लावून पळू नकोस. ठाऊक नसेल ते 'ठाऊक नाही' म्हण आणि पुन्हा कधी सांगणार ती तारीख दे. त्या तारखेला नवीन काहीच नसलं तरी उभी राहा. हे सगळ्यात अवघड आहे आणि नेमकं हेच सगळे टाळतात.

पगाराचं पक्कं करून घे. सात तारखेच्या आत म्हणजे सात तारखेच्या आत. उशीर होणार असेल तर तेही पाच तारखेला सांग, आठ तारखेला नव्हे. पंधरा तारखेपर्यंत पीएफ भरला गेला की नाही, हे आता पोरं मोबाईलवर बघतात. ले-ऑफ द्यावा लागला, म्हणजे काम नाही म्हणून काही दिवस घरी बसवावं लागलं, तर कायद्याने मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई आहे. तुमच्याकडे पन्नासच्या वर कामगार आहेत, तेव्हा पळवाट शोधू नका. बोनसचे 8.33 टक्के तोट्यातही चुकत नाहीत, हे तुझ्या साहेबांना ठाऊक असेलच, तरी आठवण कर. आणि बंदचे दिवस ठरवण्याआधी लोकांना विचार. बीड, लातूरची पोरं गुरुवारच्या सुट्टीला जोडून दोन दिवस मागतील, गावाकडे जाऊन येतील. तुला फुकटात जमण्यासारखी सोय आहे ती.

कॉन्ट्रॅक्टच्या पोरांबद्दल तुझ्या मेलमध्ये एक शब्द नाही. राग आला मला. सकाळी गेटवर कार्ड पंच होत नाही, तेव्हा त्याला कळतं की आपण कामावर नाही. मागे रांगेत उभा असलेला पर्मनंट माणूस ते बघतो आणि त्या दिवसापासून तुझ्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. त्यांनाही आधी सांग, कॉन्ट्रॅक्टरवर ढकलू नकोस. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस. शाखेत जाऊन ती आज चालू आहे का आणि अटी काय, ते विचार आणि फॉर्म भरायला त्यांच्याजवळ बस. याला जो खर्च येईल, त्यापेक्षा तुझ्या वक्त्यांचं मानधन जास्त असेल.

तू विचारशील, साहेब नको म्हणाले तर? म्हणणारच. 'पॅनिक होईल' हा त्यांचा ठरलेला शब्द. त्यांना विचार, काय सांगू शकते ते लिहून द्या, तेवढंच सांगेन. तेवढ्यावरही बरंच भागतं. पण 'सगळं ठीक आहे' असं लिहिलेला कागद हातात दिला, तर तो वाचू नकोस. मला एकदा दिला होता. मी वाचला नाही, दुसऱ्याने वाचला, आणि पुढची बढती त्यालाच मिळाली. बायको आजही म्हणते, वाचला असतास तर काय बिघडलं असतं? त्यावर माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर नाही. पण त्यातले काही कामगार अजून बाजारात भेटले की थांबतात, घरी चहाला बोलावतात. तो दुसरा गृहस्थ मला वाटतं त्या बाजारात येतच नाही.

सांगून झालं की कळव. ॲक्टिव्हिटीचं मग बघू.