जुन्या व्यापारी डिरेक्टरीवरून कोल्हापूर कसं वाढलं ते कळेल का?

प्रश्न : माळा साफ करताना कोल्हापूरची एक जुनी व्यापारी डिरेक्टरी सापडली. पहिली पानं गेलीत त्यामुळं साल कळत नाही, पण दुकानांची नावं, पत्ते, जाहिराती भरपूर आहेत. यावरून शहराची वाढ शोधता येईल का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : येईल की! आणि पहिली पानं नाहीत म्हणून रद्दीत घालू नका, साल जाहिरातींवरून काढता येतं. कुठं 'कोल्हापूर संस्थान' असेल तर तो मजकूर १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधीचा धरा. दर आण्यात असले तर बहुतेक १९५७ च्या आधीचा, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणि 'नवे पैसे' दिसले तर त्यानंतरचा. पत्त्यात ४१६ नं सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, त्याच वर्षी डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेही बघा. पण प्रेसवाले जाहिरातीचा जुना ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, पुन्हा पुन्हा वापरायचे, म्हणून सगळ्यात अलीकडची जी खूण सापडेल तीच धरायची, पुस्तक तिच्या आधीचं असूच शकत नाही.

आता वाढीचं. नावं मोजत बसू नका, धंद्यावार पत्ते वहीत उतरवून काढा, खरी मजा त्यात आहे. जुना बाजार अंबाबाईच्या देवळाभोवती, महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी असा. १८९१ ला मिरजेहून रेल्वे आली, १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरी व्यापारपेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिकडं जमला. म्हणजे गुळाचे अडते शाहूपुरीत, सराफ मात्र गुजरीतच, आजही तिथंच, सगळे धंदे काही शहराबरोबर सरकत नाहीत. ऑइल इंजिन, फौंड्री, लेथ असे मथळे आले की उद्यमनगरचे पत्ते शोधा, शहर कुठल्या दिशेनं पसरलं ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, डिरेक्टरीत नाव नाही म्हणजे दुकान नव्हतं असं धरू नका. अशा पुस्तकात बरेचदा वर्गणी किंवा जाहिरात देणाऱ्यांचीच नावं ठळक असतात, मंडईत बसणाऱ्या भाजीवाल्या, कुंभार, घरी चपला शिवणारे कारागीर यांना त्यात कुठली जागा. आणि दोन आवृत्त्यांत नावं दुप्पट झाली तर शहर वाढलं का नुसती पानं वाढली हे आधी तपासा. त्यासाठी जनगणनेची जिल्हा पुस्तकं आणि गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, सोबत ठेवा. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच, तिथं चौकशी करा.

झेरॉक्स मात्र नको, काचेवर दाबलं की जुनी शिवण सुटते. खिडकीपाशी उजेडात मोबाईलवर एकेक पानाचा फोटो काढा, जाहिरातींची पानंसुद्धा.