जोर निघत नाही म्हणतेस, तर भिंतीपासून सुरुवात कर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

जिमची फी परवडत नाही, वसतिगृहात दोन पलंगांमधली तेवढीच जागा आणि जोर तर एकही निघत नाही. मग पोलीस भरतीचं मैदान कसं मारायचं, असं तू विचारलंस. मैदान ५० गुणांचं: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. धावणं सोडलं तर बाकी तयारीला तेवढी जागा पुरते.

जमिनीवर जोर काढताना अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. तुझं वजन ४८ किलो, म्हणजे तू पहिल्याच दिवशी ३२ किलो रेटायला गेलीस. नाही निघाला, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? आधी भिंतीला हात टेकून काढ. बारा जोर नीट निघाले की टेबल, मग पलंगाची कड, मग जिन्याची पायरी, शेवटी जमीन. हात जितके खाली, तितका भार जास्त. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ हवं. कंबर खाली गेली की तो जोर मोजू नकोस. मैत्रिणी शंभराच्या गप्पा मारतील, मारू देत. अर्धवट पन्नासांपेक्षा पुरे आठ मला केव्हाही चालतील.

आठवड्यातून तीन दिवस कर, मधला दिवस मोकळा ठेव. दुसऱ्या दिवशी अंग ठणकेल, ते चालायचंच. सांध्यात कळ आली तर मात्र तिथंच थांब.

पहिला महिनाभर आरशात काही दिसणार नाही. तरीही जोर वाढतील, कारण शरीर आधी आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकतं. स्नायू भरतात ते नंतर. नेमक्या याच काळात मुली ‘फरक पडत नाही’ म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जोर-बैठकांत एक उणीव आहे. त्यात ढकलणं आहे, उठणं-बसणं आहे, पण ओढणं नाही. दिवसभर पुस्तकावर वाकून बसणाऱ्या मुलीच्या पाठीला तेच हवं असतं. कॉलेजच्या मैदानावर सिंगल बार असेल तर सुरुवातीला नुसती लटक. जवळपास दोरीचा मल्लखांब शिकवत असतील तर अवश्य जा. ओढण्याची ताकद त्यात आपोआप येते.

गोळा नुसत्या हाताने जात नाही, त्याला पायांतून रेटा लागतो. म्हणून बैठका पक्क्या झाल्या की बैठकीतून उडी मारायला लाग. ८०० मीटरचा दम मात्र धावल्याशिवाय येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन जिने चढल्यावर धाप लागते, असं तू ओझरतं लिहिलंस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तच कमी असेल तर व्यायाम कितीही कर, दम वाढणार नाही. तू उगाच स्वतःला आळशी समजत राहशील. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे. १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांचं ऐक, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

रिपोर्ट आला की आकडा कळव. तो बघूनच मी धावण्याचं वेळापत्रक लिहून पाठवतो.

तुझे सर