ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांसाठी मार्केटप्लेसचा विमा: आधी टॅक्सचं घर ठरवा, मग प्लॅन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई (६३) आणि बाबा (६७) १२ मे रोजी ग्रीन कार्डवर साताऱ्याहून ह्यूस्टनला आले. तुम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं कंपनीच्या विम्यात आहात, पण आई-बाबांना त्यात घेता येत नाही. हेल्थकेअर डॉट गव्हवर (सरकारी मार्केटप्लेस, जिथे खासगी विमा स्वतः विकत घेता येतो) दोघांचा हप्ता महिना अडीच हजार डॉलरच्या आसपास दिसतोय. सबसिडी (हप्त्यातली सरकारी मदत) मिळेल का, प्लॅन कोणता घ्यायचा, आणि एजंट म्हणतो की ६५ च्या पुढच्यांना मार्केटप्लेस मिळतच नाही, हे खरं का?

एजंटचं म्हणणं चूक आहे. ज्याच्याकडे मेडिकेअर (मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी विमा) आहे त्याला मार्केटप्लेसचा प्लॅन विकता येत नाही, एवढाच नियम आहे. बाबांकडे मेडिकेअर नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय ते विकतही घेता येणार नाही. त्यामुळे ६७ व्या वर्षीही त्यांना प्लॅन मिळतो आणि दर ६४ वर्षांच्या माणसाचाच लागतो, कारण त्यापुढे वयाप्रमाणे दर वाढत नाही. साखर, बीपी, जुनी बायपास यांमुळे हप्ता वाढत नाही आणि नकारही देता येत नाही. टेक्ससमध्ये दर ठरतो तो वय, पत्ता आणि तंबाखू यांवर. अर्जात तंबाखूचा प्रश्न येतो. बाबा मशेरी लावत असतील किंवा तंबाखू मळत असतील, तर तोही तंबाखूच, फक्त सिगारेट नव्हे.

आता तारीख. परदेशातून अमेरिकेत राहायला आल्यावर खास नावनोंदणीसाठी ६० दिवस मिळतात. त्यासाठी आधीचा विमा असल्याचा पुरावा लागत नाही. तुमची मुदत ११ जुलैला संपते. पण ११ जुलैपर्यंत थांबू नका. प्लॅन निवडल्यावर तो पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून सुरू होतो. ३० जूनला निवडलात तर १ जुलै, २ जुलैला निवडलात तर १ ऑगस्ट. मुदत हुकली तर थेट १ नोव्हेंबरची खुली नावनोंदणी आणि विमा १ जानेवारीपासून. मधल्या काळात व्हिजिटर विमा घेता येतो, पण त्यातले बहुतेक जुने आजार झाकत नाहीत, आणि या वयात दवाखान्याची वेळ येते ती बहुधा जुन्या आजारामुळेच.

सबसिडीचं गणित लोक प्लॅनच्या पानावर शोधतात. ते ठरतं टॅक्स रिटर्नमध्ये. आई-बाबा तुमच्या रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) आहेत की स्वतंत्र रिटर्न भरणार, यावर बाकी सगळं अवलंबून आहे.

डिपेंडंट दाखवायचं तर त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असायला हवा, आणि प्रत्येकाचं ढोबळ उत्पन्न एका मर्यादेखाली हवं. २०२५ साठी ती ५,२०० डॉलर होती, दरवर्षी थोडी सरकते. आपल्याकडच्या घरांत अडतं ते इथेच. ग्रीन कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत मोजलं जातं: साताऱ्याच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या एफडीचं व्याज, पेन्शन. भारतात ज्यावर कर लागत नाही त्यावर इथेही लागणार नाही, हा समज डोक्यातून काढा. आणि ढोबळ उत्पन्न म्हणजे भाड्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वजा करण्याआधीचा आकडा. भाडं महिना पंचवीस हजार आणि एफडीचं व्याज वर्षाला अडीच लाख असं दोन्ही बाबांच्याच नावावर असेल, तर साडेपाच लाख रुपये होतात आणि ते मर्यादेच्या बाहेर जातात. हिशोब दोघांचा वेगवेगळा होतो, त्यामुळे फ्लॅट कोणाच्या नावावर, एफडी कोणाची, हे आधी कागदावर लिहून काढा.

ते मर्यादेत बसले, तर तुमचं टॅक्सचं घर, म्हणजे एका रिटर्नवरची माणसं, सहा जणांचं झालं: तुम्ही दोघं, मुलं, आई-बाबा. २०२६ च्या विम्यासाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा धरतात. सहा जणांसाठी ती ४३,१५० डॉलर आहे. तिच्या चौपट, म्हणजे १,७२,६०० डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर सबसिडी आहे. त्यावर एक डॉलर गेला तर शून्य. २०२१ ते २०२५ या काळात ही कडा नव्हती, म्हणून त्या काळातले सल्ले आणि जुने व्हिडिओ पाहून हिशोब करू नका.

समजा तुमचं दोघांचं मिळून सबसिडीसाठी मोजायचं उत्पन्न १,६०,००० आहे. हे दारिद्र्यरेषेच्या तिप्पट ते चौपट या पट्ट्यात येतं. तिथे २०२६ साठी हप्त्यातला तुमचा अपेक्षित वाटा उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे वर्षाला १५,९३६, महिन्याला १,३२८ डॉलर. तुमच्या भागातला दुसरा सर्वांत स्वस्त सिल्व्हर प्लॅन दोघांसाठी २,५०० चा असेल, तर सबसिडी महिना १,१७२. ही रक्कम ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा कोणत्याही धातूच्या नावाच्या प्लॅनला लावता येते. सिल्व्हर फक्त मोजमापाची पट्टी आहे.

आता डिसेंबरात १३,००० चा बोनस आला. उत्पन्न १,७३,०००. बारा महिने घेतलेली १४,०६४ डॉलरची सबसिडी एप्रिलमध्ये सगळीच्या सगळी परत. पूर्वी परतफेडीवर उत्पन्नाप्रमाणे मर्यादा असायची, २०२६ पासून ती काढून टाकली आहे. म्हणून कडेच्या जवळ असलेल्यांनी नोव्हेंबरात पगाराच्या स्लिपा काढून बसावं. साध्या ४०१(के) मध्ये (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात) टाकलेले पैसे मोजायच्या उत्पन्नातून वजा होतात (२०२६ ची मर्यादा २४,५००), रॉथमध्ये (आधी कर भरून पैसे टाकायच्या खात्यात) टाकलेले होत नाहीत. ४०१(के) ला पैसे पगारातूनच आणि ३१ डिसेंबरच्या आत जावे लागतात. एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं खातं) असेल तर त्यात १५ एप्रिलपर्यंत भरता येतं, शेवटच्या क्षणी कडेच्या अलीकडे यायला तेवढाच दोर उरतो. आणि उलट्या दिशेने: तुमच्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी या उत्पन्नात धरलं जातं. ते अर्जात लिहायचं विसरणारे पुष्कळ.

आई-बाबा डिपेंडंट ठरले नाहीत, तर चित्र पार बदलतं. त्यांचं घर दोघांचं, दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर. २०२५ पर्यंत ग्रीन कार्डला पाच वर्षं न झालेल्यांना या रेषेखाली उत्पन्न असलं तरी सबसिडी मिळायची, कारण त्यांना मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) मिळत नाही. २०२६ पासून ती सवलत गेली. म्हणजे साडेपाच लाख रुपये उत्पन्न असलेल्या बाबांना डिपेंडंट होण्याइतके गरीब मानत नाहीत आणि सबसिडी मिळण्याइतके श्रीमंतही मानत नाहीत. अशा वेळी मार्केटप्लेसचा प्लॅन पूर्ण भावाने घेता येतो, पण पूर्ण भावानेच. काहीजण सुचवतात की अर्जात उत्पन्न २२,००० लिहून टाका. ते रिटर्नशी ताडून पाहिलं जातं, आणि सही खोट्या माहितीच्या शिक्षेच्या इशाऱ्याखाली असते. नको.

अर्ज भरताना खातं तुमच्या नावाने उघडा. ओळख पटवायला जुनं कर्ज, जुना पत्ता असे क्रेडिट अहवालातले प्रश्न येतात. महिन्याभरापूर्वी आलेल्या माणसाचा असा इतिहासच नसतो, त्यामुळे बाबांच्या नावाने खातं उघडायला गेलात तर तिथेच अडकाल. घरात सहाही जणांची नावं घाला, पण विमा हवा ही खूण फक्त आई-बाबांपुढे करा. नोकरीतून विमा मिळतो का, या प्रश्नाला तुमच्या चौघांसाठी हो आणि त्या दोघांसाठी नाही. इथे सरसकट हो केलं की सबसिडी शून्य दिसते. पुष्कळांना सबसिडी मिळत नाही असं वाटतं ते खरं तर या एका खुणेमुळे.

प्लास्टिकचं ग्रीन कार्ड अजून पोस्टात असेल तर पासपोर्टमधला इमिग्रंट व्हिसा चालतो. त्यावर विमानतळाचा शिक्का बसला की तो वर्षभर ग्रीन कार्डाइतकाच ग्राह्य असतो. ए नंबर (इमिग्रेशन खात्याचा ओळख क्रमांक) त्या व्हिसावर रजिस्ट्रेशन नंबर म्हणून छापलेला असतो, ए अक्षर आणि पुढे आकडे. नाव अगदी त्यावर आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. अर्जात ते मधल्या नावात टाकलं, किंवा गाळलं, की सरकारी नोंदींशी जुळत नाही आणि कागद पाठवा अशी सूचना येते. आली तर घाबरू नका, साधारण ९० दिवसांची मुदत असते आणि तोपर्यंत विमा चालू राहतो. फक्त ती दुर्लक्षून सोडू नका. सोशल सिक्युरिटी नंबर आला नसेल तरी अर्ज करता येतो, नंतर भरा.

प्लॅन निवडणं हे यानंतरचं काम. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड म्हणजे उपचारांचा दर्जा नव्हे. सरासरी खर्चातला कंपनीचा वाटा अनुक्रमे ६०, ७० आणि ८० टक्के, एवढाच अर्थ. दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीखाली असणाऱ्यांना सिल्व्हरवर डिडक्टिबल (विमा द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) कमी करून मिळतं, तुम्ही त्या पट्ट्यात नाही, म्हणून सिल्व्हरचं वेगळं आकर्षण तुम्हाला नाही. टेक्ससमध्ये गोल्डचा हप्ता बऱ्याचदा सिल्व्हरइतका किंवा त्याहून कमी निघतो. आधी तेच पाहा. महिन्याचा हप्ता गुणिले बारा, अधिक स्वतःच्या खिशातून जाण्याची वर्षाची कमाल मर्यादा, ही बेरीज प्रत्येक प्लॅनची करा. २०२६ साठी ती मर्यादा एका माणसाला १०,६०० डॉलरच्या वर असू शकत नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली असेल तर ही बेरीजच खरी किंमत. मात्र नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरला दिलेले पैसे त्या मर्यादेत धरत नाहीत, आणि टेक्ससमध्ये वैयक्तिक विमा बहुतेक एचएमओ किंवा ईपीओच असतो, म्हणजे आणीबाणी सोडली तर नेटवर्कबाहेर काहीच नाही. कंपनीच्या यादीत नाव दिसलं तरी दवाखान्यात फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. ‘तुम्ही अमुक कंपनी घेता का’ असं विचारलंत तर हो म्हणतील, कारण त्याच कंपनीचा दुसरा प्लॅन ते घेत असतात.

औषधांची यादी तपासताना भारतातलं ब्रँडचं नाव सापडणार नाही, मूळ औषधाचं नाव टाका. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. ही तिन्ही इथे स्वस्त जेनेरिक आहेत. पण व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि सिल्निडिपिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी औषधं अमेरिकेत मिळतच नाहीत. त्यांच्या जागी काय, हे इथल्या डॉक्टरने ठरवायचं. साताऱ्याहून आणलेला साठा संपायच्या महिनाभर आधीची वेळ घ्या, कारण नव्या पेशंटला लगेच वेळ मिळेलच असं नाही. आणि पर्याय म्हणून दिलेलं औषध प्लॅनच्या यादीत महागड्या ब्रँडच्या पायरीत असेल तर प्लॅनचा निवाडा बदलू शकतो.

प्लॅन निवडला म्हणजे विमा झाला असं नाही. पहिला हप्ता भरेपर्यंत काहीच सुरू होत नाही, आणि तो हेल्थकेअर डॉट गव्हला नाही, विमा कंपनीला भरायचा असतो. त्यानंतर सबसिडीसह प्लॅन असेल तर चुकलेल्या हप्त्याला तीन महिन्यांची सवलत असते. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली बिलं कंपनी रोखून ठेवते आणि शेवटी हप्ता आला नाही तर ती तुमच्या डोक्यावर. दिवाळीला आई-बाबा गावी गेले आणि इथला ऑटोपे कार्ड बदलल्यामुळे बंद पडला, की हेच होतं. गावी गेल्यावर तिथल्या दवाखान्याचा खर्च हा विमा साधारणपणे देत नाही, तरी तो मध्येच बंद करू नका. सहलीवरून परत येणं म्हणजे राहायला येणं नव्हे, त्यासाठी पुन्हा ६० दिवस मिळत नाहीत.

जानेवारीअखेर मार्केटप्लेसकडून १०९५-ए नावाचा, वर्षभराच्या हप्त्याचा आणि सबसिडीचा हिशोब दाखवणारा कागद येईल. तो पाहून रिटर्नला फॉर्म ८९६२ जोडायचा, नाहीतर पुढची सबसिडी थांबते.

आणि बाबांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होतील त्या महिन्याची खूण आत्ताच करून ठेवा. त्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, या सात महिन्यांत मेडिकेअर घेता येतं. इथे दहा वर्षं काम केलेलं नसल्यामुळे पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) विकतच घ्यावं लागेल. २०२६ चा भाव महिना ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) २०२.९०. मार्केटप्लेसमध्येच राहायचा पर्याय तेव्हाही असेल, पण मार्केटप्लेसचा विमा होता म्हणून पार्ट बी उशिरा घेतलं, हे कारण चालत नाही. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पार्ट बीचा हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ पुढे कायम राहते.