ट्युनिंगनंतर गाडी मिसिंग मारते आणि गॅरेजवाला हात वर करतो

प्रश्न : माझी 2016 ची पेट्रोल गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये ट्युनिंगला दिली होती. चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली, एअर फिल्टर नवा टाकला. बिल 6,800 रुपये, ते मी लगेच भरलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी सिग्नलला थरथरते, चढाला पिकअप घेत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो. परत नेली तर मालक म्हणतात, ‘इंजेक्टर गेलेत, आमच्या कामाचा संबंध नाही.’ मला न विचारता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) खोलले आणि आता 4,500 दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. बिलाखाली ‘कामाची गॅरंटी नाही’ असं छापलं आहे. मला रोज सिन्नरला कामावर जावं लागतं. पोलिसांत जाऊ का? नव्या इंजिनाचा खर्च मागता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पोलिसांत जाऊन फारसं काही हाती लागणार नाही. हा पैशांचा आणि सेवेचा वाद आहे. ठाण्यात फार तर अर्ज घेतील आणि ‘कोर्टात जा’ म्हणतील. तेवढ्यात गाडी गॅरेजमध्येच राहील आणि माझ्या दृष्टीने खरा धोका तो आहे. कारण तुमचा पुरावा त्या बॉनेटखाली आहे, आणि त्याला हात लावायची मोकळीक सध्या फक्त समोरच्याला आहे.

म्हणून आधी गाडी बाहेर काढा. भारतीय करार कायद्याच्या कलम 170 नुसार कारागिराला त्याच्या मजुरीपुरती वस्तू अडवता येते, पण ती मजुरी ज्या कामासाठी वस्तू सोपवली त्या कामाची असावी लागते. ट्युनिंगचे पैसे तुम्ही दिलेत. इंजेक्टर खोलायला तुम्ही सांगितलंच नसेल, तर त्या 4,500 साठी गाडी अडवण्याचा हक्क त्यांना नाही. मात्र तुमचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज एकदा नीट वाचा. ‘बघा काय झालंय ते, करून टाका’ असं काही लिहिलं असेल, तर तीच परवानगी होती असं ते म्हणतील.

हक्क तुमच्या बाजूने असला तरी गेटवर वाद घालून गाडी मिळत नाही. पैसे यूपीआयने द्या आणि त्याआधी मेसेज टाका : ‘इंजेक्टर खोलायला मी सांगितलं नव्हतं. ही रक्कम मला मान्य नाही. फक्त गाडी सोडवण्यासाठी, माझे सर्व हक्क राखून, हरकतीसह देत आहे. जुने प्लग परत द्यावेत.’ या चार ओळींमुळे ‘त्यांनी खुशीने पैसे दिले’ हा बचाव उरत नाही. मेसेज मूळ फोनमधून पुसू नका. 4,500 चं बिल मागा; बिल न देणं ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

आता मुख्य मुद्दा. गाडी ट्युनिंगनंतर बिघडली हे तुम्ही सहज दाखवाल. ती ट्युनिंगमुळे बिघडली हे दाखवणं वेगळं, आणि ग्राहक आयोगासमोर असे दावे बहुधा तिथेच पडतात. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, असं सर्वोच्च न्यायालयाने एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या 2021 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मालकांचं म्हणणं अगदीच हवेतलंही नाही. इतक्या वर्षांच्या गाडीत इंजेक्टर चोक होतात. पण प्लग बदलल्यावर लगेच मिसिंग (सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) सुरू झालं तर संशयाची सुई आधी त्या कामाकडेच जाते : बसवताना तडकलेली प्लगची चिनीमाती, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचं नीट न बसलेलं सॉकेट, थ्रॉटल बॉडी काढताना निसटलेला व्हॅक्युमचा पाईप.

गाडी टो करून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. बॅटरीची वायर काढू देऊ नका, कारण त्याने बऱ्याच गाड्यांच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. काहीही दुरुस्त करण्याआधी स्कॅनरची छापील प्रत घ्या. त्यात समजा पी 0302 आला, तर दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, म्हणजे मिसिंग, आहे एवढंच कळतं, कारण कळत नाही. तिथली कॉइल तिसऱ्या सिलेंडरवर टाकून पाहायला सांगा. दोषही तिकडे गेला तर कॉइल. मग तसंच प्लगचं. काहीच हललं नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब). काय तपासलं आणि काय दिसलं हे जॉब कार्डवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. ‘आधीच्या गॅरेजने बिघडवली’ असं वाक्य लिहून घेण्याच्या मागे लागू नका. ते कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी निरीक्षणांइतकं त्याला वजन नसतं. नंतर दुरुस्ती करून घ्या, काढलेले पार्ट जपून ठेवा.

दिवा लुकलुकत असताना सिन्नरच्या फेऱ्या मारू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तो जळू शकतो, आणि तो महागडा भाग आहे. कायदाही इथे तुम्हाला विचारतो : नुकसान टाळता येत असताना टाळलं का? करार कायद्याच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणात तेच आहे. दिवा दिसत असूनही चालवलेल्या गाडीचा कन्व्हर्टर गॅरेजच्या माथी मारणं अवघड जाईल. नव्या इंजिनाची मागणीही सोडा. सर्व्हिस सेंटरच्या अहवालात इंजिनाच्या आतलं नुकसान आलं तरच तो विषय निघेल.

अहवाल तुमच्या बाजूचा आला तर स्पीड पोस्टाने (रजिस्ट्रेशनसह) नोटीस पाठवा. ती कायद्याने सक्तीची नाही, पण बरेच गॅरेजवाले तिथेच तडजोडीला येतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. नाहीच जमलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकीलही लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. मागणी अशी ठेवा : 6,800 आणि 4,500 परत, दुरुस्तीचा आणि टोइंगचा खर्च, त्या दिवसांतल्या प्रवासाचा पावत्यांनिशी खर्च, आणि मानसिक त्रासापोटी माफक रक्कम. अवाच्या सवा आकडा टाकला की खऱ्या नुकसानीकडेही साशंक नजरेने पाहिलं जातं.

‘गॅरंटी नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. बिल काम झाल्यावर हातात पडलं. गाडी देताना ती अट तुम्हाला कोणी दाखवली नव्हती. आणि दाखवली असती तरी, निष्काळजी काम करण्याचा परवाना ती देत नाही.

अहवालात खरंच इंजेक्टरच चोक निघाले, तर मात्र ट्युनिंगचा दावा सोडून द्या आणि न विचारता केलेल्या कामाचे 4,500 तेवढे मागा.